अँटवर्पची रेघ, गोव्याचे हात

१५१० सालच्या २५ नोव्हेंबरला अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकला. त्याच वर्षी आधी एकदा शहर त्याच्या हाती आले होते, पण दोन-तीन महिन्यांतच विजापूरच्या फौजेने त्याला जहाजांवर परत पिटाळले होते. या खेपेला मात्र तो पक्क्या इराद्याने आला. शहर पडले, मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली आणि पुढची ४५१ वर्षे गोवा पोर्तुगीजांकडे राहिला. ख्रिस्ती पंचांगात तो दिवस अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा होता, म्हणून विजयाचे श्रेय तिला दिले गेले. लगोलग तिच्या नावाने एक छोटे चॅपल उभे राहिले. पुढे कॅथेड्रल बांधले तेही तिच्याच नावाने.

कॅथरिनची कथा चौथ्या शतकातली म्हणून सांगतात. राजघराण्यातली ही विदुषी मुलगी रोमन सम्राट मॅक्सेंटियसला मूर्तिपूजेवरून जाब विचारते. सम्राट तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बसवतो. ती सगळ्यांना निरुत्तर करते आणि त्यांच्यातले कितीतरी तिचाच धर्म स्वीकारतात. मग तिला खिळे ठोकलेल्या चाकावर चिरडण्याची शिक्षा होते, पण चाकच मोडते. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद होतो. वादात पंडितांना हरवणारी ही तरुणी गोव्यात आली ती मात्र एका लष्करी विजयाची देवता होऊन. तिच्या या प्रवासात आणि तिच्यासारख्या इतर संत स्त्रियांच्या प्रवासात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या वीतभर कागदांचा वाटा फार मोठा आहे.

तांब्यावरची शिस्त

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात चित्रांवरून रक्त सांडत होते. ऑगस्ट १५६६ मध्ये अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये प्रोटेस्टंट जमावाने मूर्ती फोडल्या, वेद्या उखडल्या, संतांची चित्रे फाडली. संतांची चित्रे म्हणजे मूर्तिपूजाच, हा त्यांचा आक्षेप. त्याला कॅथलिक चर्चने तीन वर्षे आधीच उत्तर दिले होते. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठराव केला, की चित्रे ठेवावीत, कारण न वाचता येणाऱ्यांना ती शिकवतात. पण त्यांत खोटी शिकवण नको, उत्तान सौंदर्य नको, आणि अपरिचित धाटणीचे चित्र बिशपच्या संमतीवाचून कुठे लागता कामा नये. १५७० मध्ये लूवँचा धर्मपंडित मोलानुस याने तर कोणता संत कसा दाखवावा आणि कसा दाखवू नये यावर ग्रंथच लिहिला.

ही शिस्त जगभर पोचवायची तर मोठी तैलचित्रे उपयोगी नव्हती. ती महाग, जड आणि एकेकटी. तांब्याच्या पत्र्यावरचे चित्र तसे नव्हते. कोरक्या पोलादी टोकाच्या हत्याराने गुळगुळीत पत्र्यावर उलटे चित्र कोरतो. कोरलेल्या खाचांत शाई भरून वरचा पत्रा पुसून घेतात. मग ओलसर कागद वर ठेवून पत्रा दाबयंत्राच्या दोन लाटांमधून काढतात. खाचेतली शाई कागदावर उठते. एका पत्र्यावरून शेकडो छाप स्वच्छ निघतात. शिवाय चित्राच्या खाली दोन-चार ओळींचा लॅटिन मजकूर कोरता येतो, म्हणजे अर्थ चुकायला नको.

१५८५ मध्ये स्पेनच्या सैन्याने अँटवर्प परत घेतले आणि हे शहर कॅथलिक छापचित्रांची राजधानी बनले. क्रिस्तोफ प्लांटिनचा छापखाना, फिलिप्स गाले, आड्रियान कोलार्ट, साडेलर घराणे आणि योहानेस, हिएरोनिमुस व अंटोनियुस हे तीन विएरिक्स बंधू अशी ती मंडळी. विएरिक्स बंधूंनी दोन हजारांहून अधिक पत्रे कोरले. त्यांचा हात इतका बारीक, की तळहाताएवढ्या चित्रात माग्दालेनाच्या केसांची बट न् बट मोजता यावी. माणसे मात्र बेताल. यांच्याकडून काम हवे असेल तर गुत्त्यात जाऊन शोधावे लागते, त्यांची देणी भागवून हत्यारे सोडवून आणावी लागतात, अशी तक्रार प्लांटिनने पत्रात लिहून ठेवली आहे. १५७८ च्या सुमारास हिएरोनिमुसने दारूच्या नशेत फेकलेल्या भांड्याने एका बाईचा जीव गेला आणि तो तुरुंगात गेला. पुढची चाळीस वर्षे याच माणसाने धर्मासाठी मरणाऱ्या कुमारिकांची अतिशय हळुवार चित्रे कोरली.

त्या चित्रांतल्या स्त्रिया ओळखायच्या कशा? आयुध आणि वाहन पाहून देवता ओळखणाऱ्या आपल्या वाचकाला ही रीत सांगावी लागणार नाही. चाक आणि तलवार असेल तर कॅथरिन. तीन खिडक्यांचा बुरूज असेल तर बार्बरा. ताटलीत डोळे असतील तर लुसी, कापलेले स्तन असतील तर आगाथा. चिमट्यात दात धरला असेल तर अपोलोनिया, कोकरू असेल तर आग्नेस, बाण असेल तर उर्सुला. सुगंधी तेलाची कुपी, कवटी आणि मोकळे केस दिसले की माग्दालेना. यातली बहुतेक चिन्हे त्या त्या बाईच्या छळाची साधने आहेत. आपल्याला ज्याने मारले तेच साधन हातात घेऊन ती शांतपणे उभी असते. खरा छळ मागे, दूरवरच्या टेकडीवर, बोटाएवढ्या आकृत्यांत चाललेला असतो. पुढे विजय आणि मागे वेदना अशी ही मांडणी इतकी पक्की होती, की चेहरे अदलाबदल केले तरी चालले असते, पण चिन्हे बदलून चालले नसते.

माग्दालेनाने मात्र या शिस्तीची परीक्षा पाहिली. ती पश्चात्तापदग्ध पापिणी. तिचे पाप दिसायला हवे म्हणून तिचे सौंदर्य दाखवावे लागे आणि पश्चात्ताप दिसायला हवा म्हणून कवटी, क्रूस आणि अश्रू. ट्रेंटने बंदी घातलेले उत्तान सौंदर्य नेमके तिच्याच चित्रात मागल्या दाराने शिरे. चित्रकार मार्टेन द व्होसने काढलेल्या आणि कोलार्टने कोरलेल्या एका मालिकेत फक्त अरण्यवासी स्त्रिया आहेत. गुहेत, झाडाखाली, नदीकाठी एकट्याने राहणाऱ्या या तपस्विनींत अर्थातच माग्दालेनाही आहे. घर नाही, नवरा नाही, मठ नाही, मठाची वडीलधारी नाही, अशा स्त्रीचे चित्र चर्चने स्वतःच छापून वाटले. प्रत्यक्षात त्याच चर्चने ट्रेंटच्या त्याच बैठकीत नन्सना मठाच्या भिंतीआड कडक बंदिस्त करण्याचा नियम केला होता.

पायाखालचा फेटा

लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांत धर्मगुरूंच्या पेट्यांमधून हे कागद आले. गोव्यात चित्रकाराला, सुताराला, हस्तिदंत कोरणाऱ्याला नमुना म्हणून तेच समोर ठेवले जात. छापखाना गोव्यात १५५६ मध्येच आला होता, हिंदुस्थानातला पहिला. पण बारीक कोरीव चित्रे युरोपातूनच येत राहिली.

कॅथरिनचे कॅथेड्रल, म्हणजे जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल, १५६२ मध्ये बांधायला घेतले आणि १६१९ मध्ये पूर्ण झाले. मुख्य वेदीमागची सोन्याने मढवलेली लाकडी भिंत आजही पाहणाऱ्याला दिपवते. तिच्या फलकांवर कॅथरिनच्या कथेतले प्रसंग कोरलेले आहेत. छापचित्रात जे मागच्या टेकडीवर बारीक आकाराचे असे, ते इथे मोठे होऊन पुढे आले.

तिचे दुसरे रूप नदीकडून येणाऱ्या रस्त्यावर होते. १५९७ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेला फ्रान्सिस्को द गामा हा वास्को द गामाचा पणतू. पणजोबाच्या गौरवार्थ त्याने धक्क्याजवळ कमान उभारली. प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. नदीच्या बाजूला वास्कोची मूर्ती आणि शहराच्या बाजूला हाती तलवार घेतलेली, पायाखाली फेटेवाला माणूस दाबून उभी असलेली स्त्री. लोक तिला कॅथरिन म्हणूनच ओळखतात.

युरोपातल्या चित्रांत आणि मूर्तींत कॅथरिनच्या पायाखाली माणूस पुष्कळदा असतो. पण तो मुकुट घातलेला मॅक्सेंटियस, तिला मारणारा रोमन सम्राट. अर्थ असा, की शस्त्राच्या मालकाला बुद्धीने आणि श्रद्धेने खाली पाडले. गोव्याच्या कमानीवर मुकुट जाऊन फेटा आला. चित्राची रेघ तीच, उभे राहण्याची ढब तीच, तलवार तीच. पायाखालचे डोके बदलताच निःशस्त्र विदुषी सैन्याची सेनानी झाली आणि छळ सोसणाऱ्यांच्या बाजूची बाई जिंकणाऱ्यांच्या बाजूला गेली. ट्रेंटचा ठराव, मोलानुसचा ग्रंथ, बिशपची संमती या सगळ्यांत चिन्हांवर पहारा होता. हा बदल त्या पहाऱ्यातून सहज निसटला, कारण एकही चिन्ह चुकलेले नव्हते. कॅथरिनचे चाक पुढे राज्यचिन्हातही गेले आणि १९३५ साली ठरलेल्या पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजमुद्रेतही राहिले.

हस्तिदंताच्या डोंगरातली माग्दालेना

ही चित्रे गोव्यात घडवत कोण होते, या प्रश्नाने चर्चला बराच त्रास दिला. क्रूस, प्याले, मूर्ती करण्याचे कसब होते ते इथल्या सोनार, सुतार, चितारी आणि कोरीवकाम करणाऱ्यांकडे, आणि त्यांतले पुष्कळ हिंदू. १५६७ च्या गोवा प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती लोकांना बजावले, की पूजेच्या वस्तू आणि चित्रे अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नका. अशा आज्ञा त्याआधीही निघाल्या होत्या. तीच आज्ञा पुन्हा काढावी लागते, यावरून ती किती पाळली जात होती ते कळते.

सतराव्या शतकात गोव्याच्या कारखान्यांतून हस्तिदंताच्या मूर्ती पोर्तुगाल, स्पेन आणि पार मेक्सिकोपर्यंत जाऊ लागल्या. हस्तिदंत बराचसा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येई. या मूर्तींतली एक घडण गोव्याखेरीज कुठेच जन्मली नाही. वीतभर उंचीचा कोरीव डोंगर, त्याच्या शिखरावर मेंढपाळाच्या वेशातला बाल येशू. मांडीवर कोकरू, खांद्यावर कोकरू, एक हात गालाला टेकलेला, डोळे मिटलेले. खाली डोंगराच्या पायऱ्यांवर झरा, पाणी पिणारी मेंढरे, पक्षी, झाडे. आणि अगदी तळाशी एक गुहा. त्या गुहेत कुशीवर लवंडलेली, हातावर डोके टेकवून पोथी वाचणारी माग्दालेना.

ती तिथे आली ती फ्लेमिश छापचित्रांतून. गुहा, पोथी, लवंडण्याची ढब सगळे तिकडचे. पण छापचित्रात ती कागदभर पसरलेली असे आणि पाहणाऱ्याची नजर तिच्या उघड्या खांद्यावरून कवटीकडे नेण्याची कसरत कोरक्याला करावी लागे. गोव्याच्या कोरक्याने ती अडचण एका फटक्यात सोडवली. त्याने तिला बोटाएवढी केली आणि डोंगराच्या पोटात बसवली. वर ध्यानस्थ बालक, खाली गुहेतली तपस्विनी. शिखरावरचा देव, मधून वाहणारे पाणी आणि पायथ्याशी तप करणारा जीव ही रचना इथल्या माणसाला परकी नव्हती. मिटल्या डोळ्यांच्या त्या मेंढपाळात अनेक अभ्यासकांना बुद्धमूर्तीची आठवण झाली आहे. कोरक्याच्या मनात काय होते ते तो लिहून ठेवत नव्हता, पण हातांना कोणत्या घडणीची सवय होती ते हस्तिदंतात उतरले. पापिणी म्हणून अँटवर्पहून निघालेली बाई इथे जोगीण होऊन बसली. तिच्याकडे पाहताना तिच्या भूतकाळाची आठवण करून द्यावी असे त्या मूर्तीत काहीच नाही.

भिंतीआडच्या स्त्रिया

आतापर्यंतचे सगळे हात पुरुषांचे. पण ही चित्रे पाहणाऱ्यांत स्त्रियाही होत्या आणि गोव्यात त्यांची सगळ्यात मोठी वस्ती होती सांता मोनिकाच्या मठात. आर्चबिशप आलेशो द मेनेझेस याने १६०६ मध्ये हा ऑगस्टिनियन नन्सचा मठ स्थापला. १६२७ मध्ये तीन मजली इमारत पुरी झाली. १६३६ मध्ये ती आगीत जळाली आणि पुन्हा बांधली गेली. भिंती किल्ल्यासारख्या जाड आणि बाहेरून टेकू दिलेल्या आहेत. आतल्या भिंतींवर रंगवलेल्या चित्रांचे अवशेष अजून दिसतात.

मठाला नाव दिले ते संत ऑगस्टिनच्या आईचे. मोनिका ही कुमारिका नव्हे, हुतात्माही नव्हे. वाट चुकलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षे रडणारी विधवा. गोव्यात विधवा आणि पोरक्या मुली पुष्कळ होत्या. नवरे आणि बाप समुद्रात, लढाईत, तापात जात. त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे पैसा होता त्या मठात आल्या आणि पैसाही बरोबर आला. शहराच्या नगरपालिकेने लिस्बनकडे तक्रारी केल्या, की हुंड्यांच्या आणि वारशांच्या रूपाने शहराची संपत्ती या मठात चालली आहे. बायकांनी लग्न न करता एकत्र राहून मालमत्ता बाळगणे हे नगरशेठांना रुचणारे नव्हते. फेब्रुवारी १६३६ मध्ये मठातल्या क्रूसावरच्या येशूने डोळे उघडले आणि त्याच्या जखमांतून रक्त वाहिले अशी वार्ता पसरली आणि मठाचे वजन आणखी वाढले.

याच काळात युरोपात संत स्त्रियांच्या चित्रांना एक नवे वळण लागले होते. १५९७ मध्ये सिएनाच्या संत कॅथरिनचे चरित्र फ्रांचेस्को वान्नीच्या चित्रांवरून कोरून छापले गेले. १६१३ मध्ये अँटवर्पला कोलार्ट आणि कॉर्नेलिस गाले यांनी आविलाच्या तेरेझाचे जीवन २५ पत्र्यांवर कोरले. तेरेझा १५८२ मध्ये वारली होती, म्हणजे तिला पाहिलेले लोक अजून हयात होते. तेव्हा ती संत तर सोडाच, धन्यही घोषित झालेली नव्हती. धन्यपद आले १६१४ मध्ये आणि संतपद १२ मार्च १६२२ ला. चित्रे आधी आली, मान्यता नंतर. त्या २५ चित्रांत लहानपणी घरातून पळून जाऊन हुतात्मा व्हायला निघालेली तेरेझा आहे, लिहिणारी तेरेझा आहे, आणि देवदूत जिच्या काळजात भाला खुपसतो ती तेरेझाही आहे. हातात चाक किंवा चिमटा नसलेली, स्वतःचे आयुष्य स्वतः लिहून ठेवलेली ही संत. तिला ओळखायला चिन्ह पुरत नव्हते, गोष्ट लागत होती.

१६२२ च्या त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियरलाही संतपद मिळाले. त्याचा देह गोव्यातच असल्यामुळे गोव्याचा उत्सव त्याचा झाला. झेवियर आजही गोव्याचा ‘सायब’ आहे. कॅथरिनचे कॅथेड्रल समोरच उभे असताना गर्दी मात्र रस्ता ओलांडून त्याच्या पेटीकडे जाते.

सिक्री, आग्रा, लाहोर

गोव्याच्या बंदरावरून हे कागद उत्तरेलाही गेले. १५७९ मध्ये अकबराचा दूत गोव्याला आला आणि त्याने धर्मपंडित पाठवण्याची विनंती केली. १७ नोव्हेंबरला रुदोल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तिघे जेझुइट गोव्याहून निघाले आणि फेब्रुवारी-मार्च १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी अकबराला दिलेली मोठी भेट म्हणजे प्लांटिनच्या छापखान्याचे अनेक भाषांतले भव्य बायबल. बादशहाने त्याचे खंड एकेक करून चुंबन घेऊन मस्तकी लावले, असे त्यांनी लिहिले आहे. बरोबर मरियेचे चित्रही होते. रोमच्या सांता मारिया माजोरे चर्चमधल्या पूज्य चित्राची ती गोव्यात केलेली नक्कल.

पाद्र्यांना वाटले, बादशहा ख्रिस्ती होणार. त्याला हवी होती ती चित्रे. बायबलच्या सुरुवातीच्या पानावर कोरलेली राजधर्माची प्रतीक-स्त्री दरबारी चित्रकार बसावनने उचलली आणि तिच्या वस्त्रांच्या चुण्या, वजन आणि छायाप्रकाश यांचा अभ्यास केला. केशवदासाने १५८८ च्या सुमारास फिलिप्स गालेच्या छापचित्रावरून संत मॅथ्यू रंगवला. १५९५ मध्ये झेरोनिमो झेवियर लाहोरला आला. हा संत फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला. तेव्हा शहजादा सलीम चित्रांसाठी पाद्र्यांच्या मागे लागत असे. पुढे जहांगीर झाल्यावर त्याने आपल्या चित्रसंग्रहात युरोपीय छापचित्रे चिकटवली, काहींना रंग देववले आणि काहींतल्या आकृत्या पानांच्या हाशियांत उतरवून घेतल्या.

मरिया या दरबारात पाहुणी नव्हती. कुराणात तिच्या नावाचा अध्याय आहे. अकबराच्या आईची, हमीदा बानूची, पदवी मरियम मकानी आणि जहांगिराच्या आईची मरियम-उज़-ज़मानी. १६०२ च्या सुरुवातीला आग्र्याच्या चर्चमध्ये मरियेचे एक चित्र मांडले तेव्हा ते पाहायला सगळे शहर लोटले. अकबराने ते राजवाड्यात मागवून घेतले आणि आईला, जनान्यातल्या स्त्रियांना दाखवले. पाद्र्यांनी हे सगळे धर्मांतराची चाहूल म्हणून लिहून ठेवले. तख्तावर बसलेल्या घराण्याला स्वतःच्या आयांचा मान त्या चित्रात दिसत होता.

मरिया ओळखीची होती, पण सिसिलिया नव्हती. रोममधली ही कुमारिका. तिच्या मानेवर तलवारीचे तीन घाव घातले तरी ती तीन दिवस जिवंत राहिली अशी तिची कथा. मुघल दरबारात ही कथा कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास नीनी नावाच्या चित्रकाराने हिएरोनिमुस विएरिक्सच्या छापचित्रावरून सिसिलियाचे हौतात्म्य रंगवले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. छापचित्रात फक्त काळी रेघ आणि कोरा कागद. वस्त्र कोणत्या रंगाचे, आकाश कसे, कातडीचा वर्ण कोणता, हे सगळे नीनीला ठरवायचे होते. ज्या चित्रावर अँटवर्पला लोक गुडघे टेकत, ते इथे अवघड धडा म्हणून गिरवले गेले. मरणाऱ्या माणसाचे शरीर कसे झुकते, कापड कसे पडते, दूरचे लहान कसे दिसते. संत म्हणून तिचा आधार सुटला आणि मरणारी बाई तेवढी उरली. कुठल्याही धर्मोपदेशाशिवाय एका स्त्रीचे मरण इतक्या लक्षपूर्वक पाहिले गेले, हे त्या चित्राचे मोल.

आणि इथे एक बाईच हातात कुंचला घेऊन बसली होती. मीर तकीची मुलगी आणि आका रिझाची शिष्या नादिरा बानू हिने युरोपीय छापचित्रांवरून केलेल्या नकला जहांगिराच्या गुलशन चित्रसंग्रहात आहेत, नाव आणि गुरूच्या उल्लेखासह. तो संग्रह आता बहुतांशी तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

रेघ आली, अक्षर अडले

आक्वाविवा गोव्याहून निघण्याच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, २४ ऑक्टोबर १५७९ ला, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याच्या बंदरात उतरला होता. आक्वाविवा चित्रे घेऊन उत्तरेला गेला, परत आला आणि जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या उठावात मारला गेला. त्याचा देह आणून दफन करण्याच्या कामी हाच स्टीफन्स होता. पुढे गोव्याच्या साष्टी भागातच राहून त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाला देवनागरी खिळे मिळाले नाहीत. आपल्या लिपीत जोडाक्षरांसह सहाशे साचे लागतील, ही अडचण त्याने १६०८ मध्ये वरिष्ठांना कळवली होती. मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला, आणि त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उरली नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला.

छापचित्राला लिपी लागत नव्हती, म्हणून ते सगळीकडे आधी पोचले. पण त्याला आवाजही नव्हता. खालच्या लॅटिन ओळी गोव्यात किती जणांना वाचता येत असतील? मरियेला आणि माग्दालेनाला साष्टीच्या ख्रिस्ती माणसाशी बोलायला लावले ते स्टीफन्सच्या ओव्यांनी, आणि बोलायला लावले तेही पुराणिकाच्या ढंगात. कमानीवरच्या कॅथरिनला अशी भाषा मिळाली नाही. ती मुकीच राहिली आणि जिंकणाऱ्यांच्या कामी आली.

नावे कोणाची राहिली

या संत स्त्रियांचे पुढे काय झाले? १८३४–३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघ बरखास्त केले. सांता मोनिकातल्या नन्सना तिथेच राहण्याची मुभा मिळाली, पण नव्या घेण्याची नाही. शेवटची १८८५ मध्ये वारली. कॅथरिनच्या कथेला इतिहासाचा भक्कम आधार नाही म्हणून १९६९ मध्ये रोमने तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून पुन्हा त्यात घेतला. मधल्या काळातही गोव्याचे कॅथेड्रल तिचेच होते. राशोलला १९९४ मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ मध्ये सांता मोनिकात आले. गोव्याच्या हातांनी घडवलेल्या पूजावस्तू आता त्याच भिंतीआड मांडलेल्या आहेत.

त्या वस्तू पाहताना एक फरक ध्यानात ठेवावा. अँटवर्पच्या छापचित्राच्या तळाशी कोणी रेखाटले, कोणी कोरले, कोणी विकले अशी तिघांची नावे असतात, कारण तो धंदा होता आणि नावाला किंमत होती. मुघल चित्रावर नीनीचे, केशवदासाचे, नादिरा बानूचे नाव लिहिलेले सापडते, कारण बादशहाला कोणता हात कोणाचा हे ओळखण्याचा अभिमान होता. गोव्याच्या हस्तिदंती माग्दालेनाखाली मात्र नाव नाही. ज्याला संताची मूर्ती करण्याची मनाईच होती, त्याचे नाव तिच्यावर घालणार कोण? म्हणून कलेच्या इतिहासात या मूर्ती फार काळ युरोपीय चित्रांच्या लांबच्या, अडाणी नकला म्हणून मोजल्या गेल्या. नक्कल करणाऱ्यांनी मात्र पापिणीला जोगीण केले, मॅक्सेंटियसच्या डोक्यावर फेटा बांधला आणि एका कागदाचा डोंगर केला. युरोपातून आलेली रेघ जशीच्या तशी ठेवून तिचा अर्थ बदलण्याचे हे काम त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केले. त्यांची नावे आता मिळायची नाहीत. निदान त्यांच्या कामाला नक्कल म्हणणे तरी आपण थांबवावे.